नथीतले मोती

दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठासाठी हेमांगी चेंबूरकरने सुमेधाचा फोटो काढला. सुमेधा सावळी, मोठ्या डोळ्यांची. नाकात मेढेकर सराफांची मोत्यांची नथ. हेमांगीने एका बाजूने मऊ प्रकाश सोडला आणि फोटो सुरेख आला.

अंकाचे सर्वांत मोठे जाहिरातदार म्हणजे हेच वासुदेवशेठ मेढेकर. त्यांच्या शब्दाबाहेर संपादकही जात नसत. शेठ स्टुडिओत आले, कॉम्प्युटरवर फोटो पाहिला आणि त्यांनी नाक मुरडलं.

"मुलगी काळी दिसते. चांगली गोरी करा, नाहीतर दुसरी आणा."

सुमेधा शेजारीच उभी होती. तिचे डोळे भरून आले.

"करते की. बसा ना शेठ," हेमांगी शांतपणे म्हणाली आणि चेहरा उजळवू लागली.

"अजून," शेठ म्हणाले. तिने आणखी उजळवला. गाल दुधासारखा पांढरा झाला.

"आता कसं!" शेठ खूश झाले. मग एकदम पुढे वाकले. "अहो, पण नथीतले मोती कुठे गेले?"

"तिथेच आहेत. गोऱ्या गालावर दिसेनासे झालेत."

"असं कसं चालेल? मोती उठून दिसले पाहिजेत!"

"शेठ, दुकानात तुम्ही मोती कशावर मांडता?"

"काळ्या मखमलीवर," शेठ ऐटीत म्हणाले.

"पांढऱ्या कापडावर का नाही मांडत?"

शेठनी पुन्हा कॉम्प्युटरवरच्या पांढऱ्या गालाकडे पाहिलं. मग ते सुमेधाकडे वळले.

"बाई, चुकलं माझं. पहिलाच फोटो छापू द्या."