तीन अक्षरांचा शेरा

तालुक्याच्या कचेरीत एक खासनीस साहेब होते. अर्जावर शेरा मारायचा तर तो विलायतेतही आता कुणी बोलत नाही अशा जुनाट इंग्रजीत, नाहीतर नुसत्या दोन-तीन अक्षरांत. कुणी अर्थ विचारला की म्हणत, "ज्याला वाचता येत नाही, त्यानं अर्जच करू नये."

नदीवरचा नावाडी सखरोबा भोई याच्या नावेचा तळ कुजला होता. पलीकडची पोरं त्याच नावेतून शाळेत येत. नव्या फळ्यांसाठी त्याने तीनदा अर्ज केला आणि तिन्ही वेळा तो अक्षरांचा शेरा घेऊन परत आला.

चौथ्या अर्जात सखरोबाने सुनेकडून लिहून घेतलं, 'एस. आर. बी. प्रमाणे मंजुरी मिळावी.'

साहेब त्या अक्षरांपाशी अडले. सखरोबा समोर उभा होता, सगळे कारकून बघत होते. साहेब खाकरले. "एस. आर. बी. असेल तर अडवता येणार नाही," म्हणत त्यांनी सही-शिक्का केला.

"म्हणजे काय, साहेब?" मोठ्या कारकुनाने विचारलं.

"वीस वर्षं खुर्ची उबवलीत, एवढं माहीत नाही?"

सखरोबाने अर्ज घडी करून बंडीत ठेवला. "त्यांना बोलू नका, साहेब," तो सावकाश म्हणाला. "साळी, रंगी आणि बुटकी. माझ्या शेळ्या हायेत."

"मंजुरी रद्द करतो आत्ताच."

"करा की. पण कारण लिहावं लागंल, आन् या खेपेला मराठीत लिहा. समद्या गावाला वाचायचंय."

आठ दिवसांत नावेला नव्या फळ्या बसल्या.