पोळ्यावर बसवली पंची

"कर्रर्र!"

राजा अजेयरावांच्या दाताखाली मध वाजला. मोठ्या हौसेने पोळ्याचा तुकडा तोडला होता, पण मध ओघळायचं नाव घेईना; आत नुसते पांढरे रवे! सगळे दात जागच्या जागी असल्याची खात्री करून महाराज गरजले, "ही साखर आहे! पोळं आणणाऱ्या लखूला कोठडीत टाका!"

"मला आधीच संशय होता, महाराज!" कोठीवाले सदोबा लगबगीने म्हणाले. खरं तर दिवाळीला आलेलं ते पोळं त्यांनीच पौष सरेपर्यंत पाण्याच्या टाक्याशेजारी गारठ्यात ठेवलं होतं. पण ते कबूल करायला त्यांना काय वेड लागलं होतं?

बाप कोठडीत गेल्याचं कळताच लखूची मुलगी साळू सदरेवर धावत आली.

"महाराज, बानं साखर घातली कुठनं? पोळ्याच्या घराघराला मेणाचं झाकण हाय, आन् ते माश्यांनी लावलंय! आमच्याकडं साखर सणालासुदीक जिभेपुरती येती. मध तुमच्या कोठीतल्या गारठ्यानं थिजलाय. देवघरातलं तूप थिजलं, तर पुजाऱ्याला कोठडीत टाकता का?"

सदर खो खो हसली, आणि तिथंच घोटाळा झाला. महाराजांना चूक एक वेळ पटली असती. पण चारचौघांत हसं? छे!

"थिजलाय ना? मग कर पातळ! पण आग नाही, ऊन नाही, गरम पाणी नाही. मेणाचं एकही झाकण फुटता कामा नये. आणि सगळं इथंच, पहारेकऱ्यांसमोर! आठ दिवसांत मध वाहिला नाही, तर तुझा बाप कोठडीतच राहील आणि मध काढायला डोंगर दुसऱ्याला देईन!"

साळूने पोळ्याच्या झाकणांवरून हलकेच बोट फिरवलं. विस्तवाची मुभा असती तरी काय? जास्त तापलं की मेणच वितळतं. ऊब हवी मंद, पण अखंड. तशी ऊब मिळायची कुठे? एकदम तिचे डोळे चमकले.

"महाराज, आमच्या पंचीला घिऊन येऊ?"

"कोण ही पंची?"

"आमची खुडूक कोंबडी!"

अंड्यांवर बसायचा हट्ट धरलेली पंची सदरेवर आली. साळूने मातीच्या परळात उरलेलं पोळं ठेवलं, त्यावर तांब्याची पातळ ताटली, ताटलीत दोन अंडी. भोवती चिंध्या कोंबल्या. पंचीने एकदा साऱ्या दरबाराकडे तुच्छतेने पाहिलं आणि अंग फुलवून बसली ती बसलीच!

मग काय विचारता! प्रधानजी शिंकले की पंची डोळे वटारी. फिर्यादी कुजबुजत फिर्याद सांगत आणि महाराज कुजबुजत न्याय देत. पंची दाणे टिपायला उठली की साळू पोळ्याची तुटकी कड पाही. पाचव्या दिवशीही रवे पांढरेच! साळूला रडू फुटलं, पण तिने पदराने डोळे पुसले.

आठव्या दिवशी महाराज उभे राहिले. "उठव तिला!"

"तुम्हीच उठवा की, महाराज. राज्य तुमचं हाय."

महाराजांनी हात घातला. पंचीने राजाच्या बोटाला कडकडून चोच मारली! शेवटी साळूनेच तिला अलगद उचललं. पोळं अखंड होतं, एकही झाकण फुटलेलं नव्हतं. महाराजांनी दुखरं बोट पोळ्यात खुपसलं आणि सोन्यासारखा मध मनगटापर्यंत ओघळला!

"लबाडी!" सदोबा ओरडले. "कोंबडीची ऊब म्हणजे आगच, महाराज!"

साळू गर्रकन वळली. "आस्सं? मग सदोबाकाका, आज घरची चूल इझवा, आन् पंचीच्या पाठीवर भाकरी भाजून दाखवा!"

महाराज बोट चाटता चाटता इतके हसले, इतके हसले, की त्यांना ठसकाच लागला.

"सोडा लखूला! डोंगर त्याचा आणि त्याच्या लेकीचा, कायमचा! आणखी काय हवं, पोरी?"

"मला काही नको. पण पंचीनं आठ दिस चाकरी केली, तिला पिल्लं नकोत व्हय?"

"बारा अंडी आणा!" महाराज गरजले, आणि पंचीने डोळे वटारताच आवाज खाली आणून म्हणाले, "आणि सदोबा, पिल्लं बाहेर पडेपर्यंत एकवीस दिवस तिला दाणापाणी तुम्ही घालायचं. गारठ्यात ठेवाल तर खबरदार!"