सासऱ्यांच्या देखत

पितृपक्षात कुणी गाडी घेत नाही, म्हणून विमल घोरपडे मुद्दाम त्याच दिवसांत साताऱ्याच्या शोरूममध्ये गेल्या. आत चिटपाखरू नव्हतं, पण मालक दाभाडेसाहेबांचा ताठा कायम होता.

"बाई, सूट दसऱ्याला मिळते. आणि या दिवसांत खरेदी केली, तर पितर नाराज होतात."

"तीच तर अडचण आहे," विमलताई खुर्चीत ऐसपैस बसत म्हणाल्या. "आमच्या सासऱ्यांनी जन्मात कधी सांगितल्या भावाला वस्तू घेतली नाही. एरवी मी पूर्ण पैसे दिलेही असते. पण सध्या ते खाली आलेत. त्यांच्या देखत कशी देऊ?"

साहेबांनी विमलताईंच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे चोरून पाहिलं आणि मुकाट्याने दसऱ्याचा भाव सांगितला.

"मामंजी अजून उठले नाहीत," विमलताई म्हणाल्या.