सटवाजीला घातलेली शपथ

फार वर्षांपूर्वी, घाटात सडक नव्हती आणि कुठे जायचं तर माणसाला स्वतःचे पायच होते, तेव्हा उंबरदरा गावात सटवाजी नावाचा एक म्हातारा राहत होता. म्हातारा म्हणायचं ते वयाने. साठी केव्हाच उलटली होती, केस कापसासारखे झाले होते, पण पाय मात्र कुणा तरण्या माणसाचे उसने आणल्यासारखे. रोज पहाटे हा धोतराचा काचा मारायचा आणि घाट चढून डोंगराईच्या देवळापर्यंत धावत जायचा. देवीला हात जोडायचे आणि तसंच धावत परत. तेवढ्यात तव्यावरच्या भाकरीची दुसरी बाजूही भाजून झालेली नसायची, असं म्हणतात. देऊळ चार कोसांवर, तेव्हा भाकरी भलतीच जाड असली पाहिजे. पण उंबरदऱ्यात हे बोलून दाखवायची सोय नाही.

ती भाकरी भाजणारी त्याची बायको गोजरा. या गोष्टीत जीव जळला तो तिचा. नवरा तरुण होता तोवर तिने कौतुक केलं, मुलं झाली तेव्हा दुर्लक्ष केलं, आणि नातवंडं झाली तेव्हा तिचं डोकं फिरायला लागलं. रोज सकाळी ती सुई घेऊन दारात बसायची, त्याचा पाय मांडीवर घ्यायची आणि काटे काढता काढता तोंडाचा पट्टा सोडायची.

"अवं, तुमच्या वारगीची मानसं पारावर बसून चिलीम वढत्यात. तुमास्नीच काय धाड भरलीया?"

"बसलं की गुडघं धरत्यात गं," सटवाजी म्हणायचा.

"धरू द्यात की! माझंबी धरत्यात. मी काय वरडते का?" हे ती ओरडूनच सांगायची.

एका सकाळी सटवाजी वेळेवर आला नाही. ऊन डोक्यावर आलं तरी नाही. गुराख्यांना तो घाटात पडलेला सापडला. गुडघा फुटला होता, कपाळाला खोक पडली होती. झोळीत घालून घरी आणला तेव्हाही हा हसतच होता. गोजरा इतकी घाबरली होती की तिला रडू येईना. मग तिला रागच आला.

"माझ्या गळ्याची शपथ हाय तुमास्नी," ती म्हणाली. "पुन्ना धावलासा तर माझं मेलेलं तोंड बघशीला!"

आता नीट ऐका. त्या काळी गळ्याची शपथ म्हणजे थट्टा नव्हती. जिने घातली तिने स्वतः "सुटली" म्हणेपर्यंत ती सुटत नसे, आणि मोडली तर घालणारीचाच जीव जातो, अशी सगळ्यांची पक्की समजूत. सटवाजीचं हसू मावळलं. त्याने धावणं सोडलं.

गोजराला वाटलं, चला, घोर मिटला. कुठला मिटतोय! दिवसभर घरात बसलेला नवरा म्हणजे काय असतं, हे तिला ठाऊकच नव्हतं. तो चुलीपाशी बसून जाळ कसा घालावा ते सांगायचा. मडक्यांवरची झाकणं उचलून आत बघायचा. शेजारणी आल्या की मध्येच तोंड घालायचा. गोजरा कपाळावर हात मारून घ्यायची. मग हळूहळू त्याने बोलणंच सोडलं, आणि ते तिला जास्त जड गेलं. त्याच्या पोटऱ्या वाळल्या. उंबरा ओलांडताना तो चौकट धरू लागला. पहाटे जाग आली की घाटाकडे तोंड करून नुसता बसून राहायचा. आपण एक शब्द बोललो की झालं, हे तिला कळत होतं. पण तो शब्द ओठावर आला की तिला ते फुटलेलं कपाळ दिसायचं, आणि ती गप्प बसायची. वर त्याच्यावरच डाफरायची, "जेवा नीट! माझ्या डोळ्यांम्होरं असं वाळू नगा."

नवरात्र आलं. उंबरदऱ्याची रीत अशी की चिंध्यांचा पीळ तेलात भिजवायचा, देवळातल्या दिव्यावर पेटवायचा आणि तो जळता पोत धावत गावात आणायचा. वाटेत विझला तर त्या वर्षी गावात घट बसत नसत. आजवर हे काम सटवाजीचं. त्या वर्षी गावातली एकूण एक तरणी पोरं गेली, आणि त्यांनी असा घोळ घातला की अजूनही सांगताना डोकं धरावंसं वाटतं. पोत घ्यायला सगळे पुढे, पण तेलाची बुधली धरायला कुणी तयार नाही. तू धर, मी कशाला धरू, असं करता करता बुधली देवळातच राहिली. त्यात पुढे कोण पळतो म्हणून शर्यत लावली. अर्ध्या घाटात सगळ्यांचा दम उखडला आणि पोत मंद व्हायला लागला. परत वर चढायला कुणाच्याच पायात जीव नव्हता. त्यातला एक कसाबसा उतरून वेशीत आला, "तेल... पोत इझत चाललाय," एवढं बोलला आणि पारावर आडवा झाला.

गावात उरली होती ती म्हातारी माणसं आणि लेकरं. सगळ्यांनी सटवाजीकडे बघितलं. तो उठला. मग त्याने गोजराकडे बघितलं आणि परत खाली बसला.

"आता माझ्याकडं काय बघतायसा?" गोजरा म्हणाली. तिने पदर खोचला. संतापाने तिचे डोळे भरून आले होते.

"सुटली," ती म्हणाली. कुणालाच ऐकू गेलं नाही. मग ती अशी ओरडली की पिंपळावरचे पोपट उडाले. "सुटली म्हंते न्हवं! उठा आता! आन् तेल मी घेते, तुमच्या हाताचा काय भरवसा!"

पुढे सटवाजी आणि मागे घरातली तेलाची बुधली घेतलेली गोजरा, जी जन्मात कधी धावली नव्हती. आधी तो लंगडत होता, मग त्याचे पाय सैल झाले, मग त्याच्या पायांखाली धूळसुद्धा उडेनाशी झाली, असं म्हणतात. वाटेतले दगड आपणहून बाजूला सरकले, असंही म्हणतात. दगड काही सरकत नसतात. पण गोजरा मागून जे काय बोलत होती ते ऐकून सरकले असतील. खिंडीत वारा समोरून अंगावर आला आणि तिचं बोलणं एकदम थांबलं. सटवाजीला वाटलं, शपथ नीट सुटली नाही की काय? त्याने वळून बघितलं. ती घामाने निथळत होती, आणि हसत होती.

"इतकी वरसं ह्ये ग्वाड तुमी एकट्यानंच खाल्लंसा व्हय?" ती म्हणाली. "लबाड मानूस! चला फुडं, मी हाय."

ठिणगीएवढा उरलेला पोत तेल पडताच पुरुषभर उंच उठला, आणि परतीच्या सगळ्या वाटेत वाऱ्याने वाकला नाही, असं म्हणतात. दिवेलागणीला दोघं वेशीत आले. घट बसले. पुढे कितीतरी वर्षं ती जोडी रोज पहाटे घाट चढत राहिली आणि सून दोघांचे काटे काढत बसली. शेवटी एका पहाटे गेले ते परत आलेच नाहीत. शोधायला गेलेल्यांना कुणी दिसलं नाही. लांबून एका बाईचं रागावणं तेवढं ऐकू येत होतं, आणि ते वर वर चढत चाललं होतं.

आजही उंबरदऱ्यात पोत आणायला साठी उलटलेलीच माणसं जातात, बायाही आणि पुरुषही. एकाने पोत धरायचा, दुसऱ्याने मागून तेल. तेल धरणाऱ्याला वाट्टेल ते बोलायची मुभा. तरण्यांनी वेशीत बसून वाट बघायची. नवरात्राच्या महिनाभर आधीपासून गावातले म्हातारे पहाटे घाटात धावायला लागतात. मुलं-सुना वैतागतात, दारात उभं राहून हाका मारतात, हातापाया पडतात. त्याला कुणाची ना नाही. पण उंबरदऱ्यात म्हाताऱ्या माणसाला शपथ घालत नाहीत.