रिकाम्या खोपीचा धूर

लई जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तुमच्या पणजोबांच्या पणजोबांना तेव्हा दातसुद्धा आले नव्हते. म्हणजे खरी की खोटी ते सांगायला कुणी उरलेलं नाही. तेव्हा निमूट ऐका.

एका नदीच्या वळणावर भोयांचं गाव होतं. त्या गावात एक भोई राहायचा. त्याचं नाव मला ठाऊक आहे, पण सांगणार नाही. ऐकणाऱ्यांत त्या नावाचा एखादा निघतोच, आणि मग तो घरी जाऊन रुसतो. आपण त्याला नुसतं भोई म्हणू.

भोई हुशार होता. म्हणजे अगदी तुमच्याइतका. काम सोडून बाकी सगळ्यात डोकं चालायचं.

गावाचा एक नियम होता. आषाढ लागला की मासळीच्या पोटात गाबोळी भरते आणि अंडी घालायला ती उथळ पाण्याकडे निघते. तेव्हापासून श्रावण सरेपर्यंत नदीत जाळं टाकायचं नाही. पोटुशीला कुणी मारतं का? जो मारील, त्याची होडी फोडून गाव सरपणाला वाटून घ्यायचं.

या दोन महिन्यांत होड्यांची डागडुजी चाले. होडी खोपीत, म्हणजे कुडाच्या झोपडीत, आणायची, दगडांवर पालथी घालायची आणि खाली शेणकुटांचा धूर करायचा. महिनाभर धूर खाल्ला की लाकूड आतपर्यंत सुकतं, कीडही मरते. मग फटीफटीत कापूस ठासायचा, वर गरम राळ ओतायची आणि करंजाचं तेल पाजायचं. ओल्या लाकडाला राळ धरत नाही. हे तिथल्या शेंबड्या पोरांनाही कळायचं.

पण गंमत पुढेच आहे. आपली होडी आपण दुरुस्त करायचीच नाही. शेजाऱ्याची आपण करायची आणि आपली दुसऱ्या कुणी. माणूस स्वतःच्या कामात आळस करतो आणि स्वतःला लगेच माफही करून टाकतो, हे त्या गावातल्या जुन्या लोकांनी ओळखलं होतं. त्यांनी आणखी एक मेख मारून ठेवली होती. हंगाम उघडला की पहिल्या खेपेला मालकाच्या जोडीला होडी दुरुस्त करणाऱ्यानंही बसायचं. बुडाले तर दोघे.

त्या वर्षी भोयाच्या खोपीत त्याच्या शेजाऱ्याची होडी आली. शेजारी म्हणजे लहानपणापासूनचा गडी. दोघांनी एकमेकांच्या पेरूंवर डल्ला मारलेला आणि एकमेकांच्या वाटची छडीही खाल्लेली.

"नीट कर रे बाबा," शेजारी हसत म्हणाला. "माझी होडी आहे, तुझं डोकं नाही. फट राहिली तर चालणार नाही."

"जा रे," भोई म्हणाला. "पाणी आत यायला माझी परवानगी मागील."

आता भोयाला गाबोळी फार आवडे. तव्यावर परतलेली, वर हिरवी मिरची. नुसतं नाव घेतलं तर तुमच्यातल्या चौघांनी ओठ चाटले, बघितलं मी. भोयाच्या डोक्यात आलं, होडी खोपीत आहे, खोप आपली आहे, आणि आत डोकावायला कोण येतंय?

त्यानं खोपीच्या मागच्या अंगाचा कूड मोकळा केला. दुपारी गाव जेवून घोरायला लागलं की तो होडी मागनं ओढायचा, लव्हाळ्यातून पाण्यात ढकलायचा आणि वळणापलीकडे जाऊन जाळं टाकायचा. आणि खोपीत धूर? तो चालूच. रिकाम्या जागेला धूर. लोक बाहेरून बघायचे आणि म्हणायचे, "काय राबतोय बघा मित्रासाठी!"

बायकोनं एकदा विचारलं, "अहो, खोपीतून मासळीचा वास कसा येतो?"

"होडीचं लाकूड आहे ते. जन्मभर मासळीच वाहिली तिनं. तुझ्या अंगाला चुलीचा येत नाही का?"

बायको फुरंगटली आणि विषय बुडाला. बायकोला चिडवून विषय बुडवणारे इथं किती आहेत, ते मी विचारत नाही.

वळणापलीकडे खडकावर एक ऊद बसायचा. पाण्यातलं मांजरच ते. एक दिवस तो म्हणाला, "राम राम, दोन पायांच्या ऊदा! पायाखाली बघ. होडीत पाणी झिरपतंय."

भोयानं वाकून पाहिलं. तळाच्या दोन फळ्यांमध्ये फट फाकली होती. त्यानं ओंजळीनं पाणी उपसलं.

"झिरपू दे," तो म्हणाला. "होडी थोडीच माझी आहे?"

ऊदानं त्याच्याकडे पाहिलं आणि तो पाण्यात शिरला. जनावराला लाज वाटली असावी.

श्रावण सरायला दोन दिवस उरले तेव्हा भोयाला घाम फुटला. होडी आतून-बाहेरून चिंब. त्यानं धूर दुप्पट केला, फुंकून फुंकून डोळे सुजवले. पण महिन्याचं सुकणं दोन दिवसांत होत नाही. शेवटी ओल्या फटीतच कापूस कोंबला, वर राळ ओतली आणि तेलाचा असा हात फिरवला की होडी नव्या नवरीसारखी चमकू लागली.

हंगाम उघडायची सकाळ झाली. नदी काठोकाठ होती. सगळं गाव काठावर जमलं. गावातला सगळ्यात वयस्कर भोई एकेका होडीला हात लावून "जा" म्हणायचा आणि होडी सुटायची. शेजाऱ्याची पाळी आली. त्यानं फेकजाळं खांद्यावर घेतलं, दोरी मनगटाला बांधली आणि हाक मारली, "चल रे!"

भोई पोट धरून खाली बसला. "कळ आलीय गड्या. उभं राहवत नाही."

"नियम आहे," म्हातारा म्हणाला. "तो बसल्याशिवाय होडी सुटत नाही. उद्या जा."

"बाबा, असू द्या," शेजारी म्हणाला. "दोन महिने धूर खाल्लाय त्यानं माझ्यापायी. डोळे बघा कसे लाल झालेत. आणखी काय पाहिजे? त्याचा हात फिरलाय ना होडीवर, तो बसल्यासारखाच आहे."

आता भोयाच्या तोंडात चार शब्द होते. थांब, होडी ओली आहे. चारच. पण त्या चार शब्दांमागनं लगेच प्रश्न आला असता, ओली कशी राहिली? मग धूर निघाला असता, मग गाबोळी, मग स्वतःच्या होडीचं सरपण. त्यानं मनाशी म्हटलं, एक खेप निभावेल. संध्याकाळी काहीतरी सबब काढून होडी परत घेऊ आणि नीट करू.

म्हाताऱ्यानं नाइलाजानं हात लावला. होडी सुटली.

मधल्या धारेला पोचून शेजाऱ्यानं जाळं फेकलं, तोवर राळेचे पोपडे सुटले. शेजारी आधी हसलाच. लांबून ओरडला, "ए, तुझ्या पोटात कळ आणि माझ्या होडीत पाणी रे!" एका हातानं तो पाणी उपसू लागला. दुसऱ्या हाताला जाळ्याची दोरी होती, आणि जाळं पाण्याखालच्या बुडालेल्या झाडात अडकलं होतं. होडी त्याच्या पायाखालून गेली.

सगळ्यांत आधी पाण्यात उडी घेतली ती पोट दुखणाऱ्यानं. पोहतही तो सगळ्यांपेक्षा जोरात गेला. दोरी कापली, गड्याला वर आणलं, काठावर पालथं घातलं, पाठ चोळली, नावानं हाका मारल्या. पण उशीर झाला होता.

गावानं भोयाला दोष दिला नाही. लाकूडच जुनं असेल, कुणी म्हणालं. राळ भेसळीची असेल, दुसरा म्हणाला. दोन महिने खोपीतून निघणारा धूर सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिला होता.

तेराव्याला शेजाऱ्याची बायको त्याच्यासमोर आली. म्हणाली, "भावजी, मनाला लावून घेऊ नका. तुम्ही काही कमी केलं नाहीत. पुढल्या साली माझ्या भावाची होडीसुद्धा तुमच्याच खोपीत द्यायची, असं मी त्याला सांगितलंय."

भोयाला ते ऐकवलं नाही. तो तिच्या पायांशी बसला आणि सगळं सांगून मोकळा झाला. दुपारची मासेमारी, रिकाम्या खोपीचा धूर, पोटातली खोटी कळ. काही म्हणता काही ठेवलं नाही.

बाईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हेच त्या सकाळी काठावर सांगितलं असतंत, तर गावानं तुम्हाला शिव्या घातल्या असत्या, आणि मी ह्यांना दुपारी जेवायला वाढलं असतं."

एवढंच बोलून ती आत गेली.

गोष्ट गावापर्यंत गेली आणि गावानं भोयाची होडी फोडली. तो अडवायला गेला नाही, उलट कुऱ्हाड त्यानंच आणून दिली. त्या साली नदीत मासळीही कमीच लागली. वळणापलीकडची अंडी कुणाच्या तव्यावर गेली, ते आता सगळ्यांना ठाऊक होतं. भोई दुसऱ्यांची ओझी वाहून पोट भरू लागला. पुढे तो इतकं खरं बोलायचा, न विचारता बोलायचा, की लोकांना त्याचा कंटाळा यायचा. पण ज्याला सांगायचं होतं, तो ऐकायला नव्हता.

खरं बोलायलाही हंगाम असतो. तो हुकला की मग कितीही बोललं तरी गेलेलं माणूस परत येत नाही.