गुणाजीरावांचा सरळ धूर

उघड्यावर कचरा जाळू नये, अशी पाटी आमच्या सरपंचांनी, म्हणजे गुणाजीरावांनी, स्वतः नारळ फोडून लावली. आणि रोज सकाळी आपल्याच परड्यात पालापाचोळा, प्लॅस्टिक, फाटक्या चपला पेटवायला लागले. पाटी गावाकडे तोंड करून होती ना, त्यांना बिचाऱ्यांना वाचता कशी येणार!

शेजारच्या शेवंताकाकूंचं पोट कुरडयांवर. वाळवणाला धूर लागला आणि गिऱ्हाईक तुटायला लागलं. काकू भांडायला गेल्या, तर सरपंच मिशीला पीळ देत म्हणाले, "आमचा धूर सरळ वर जातो, काकू. तुमच्या अंगणात येतो याला पुरावा काय?"

"आणते की," म्हणून काकू परतल्या.

पुढं स्वच्छ गावाचं बक्षीस ठरवणारे साहेब तालुक्याहून सरपंचांकडे जेवायला आले. कुरडया काकूंच्या, वाढायलाही काकूच. साहेबांनी एक घास खाल्ला आणि त्यांचे डोळे पांढरे झाले. "अहो, ही तेलात तळली की टायरात?"

सरपंच गरजले, "काकू! असल्या कुरडया?"

"कुरडया माझ्या, सरपंच. चव तुमच्या परड्यातली. पुरावा मागितला होतात, तो ताटात वाढलाय."

साहेबांना हसता हसता ठसका लागला. बक्षीस गेलं. पण त्याच संध्याकाळी गुणाजीराव कुदळ घेऊन खताचा खड्डा खणत होते, आणि आम्ही गावकरी कुंपणाला टेकून "अजून खोल, सरपंच!" म्हणत होतो.

यंदा काकूंच्या कुरडया बगळ्यासारख्या पांढऱ्या वाळल्यात. पहिलं गिऱ्हाईक कोण? गुणाजीराव. मुकाट्यानं, पिशवी घेऊन.