नवी सिस्टिम, पण नवी वाटायला नको!

"ऑपरेटिंग सिस्टिम नवीच हवी!" राजा रणधीराने सिंहासनावर मूठ आपटली. "पण ती मला नवी वाटता कामा नये! अजिबात नाही!"

कनकपूरच्या दरबारात कुजबुज सुरू झाली. राजवाड्यातल्या कॉम्प्युटरवरच्या जुनी सिस्टिम आता मान टाकायला आली होती. ती बनवणाऱ्या कारागिरांनी सरळ हात वर केले होते. यापुढे दुरुस्ती नाही, व्हायरस शिरला तर तुमचं तुम्ही बघा! दुसरा कुणी असता तर चार लोकांना विचारून सिस्टिम बदलून मोकळा झाला असता. पण महाराज पडले जाणकार! राजपुत्र असल्यापासून घरी कॉम्प्युटर वापरत आलेले. रोज सकाळी एखादं सेटिंग बदलायचं, काहीतरी बिघडवून ठेवायचं आणि "या सिस्टिममध्येच काही राम नाही" म्हणत दरबारात यायचं, हा त्यांचा नित्यनेम होता.

दरबारातही जाणकारांचा सुकाळच होता. "महाराज, झरोका घ्या!" एकजण म्हणाला. "सगळं जग तीच वापरतं." दुसऱ्याने नाक मुरडलं. "छे! चंदेरी घ्या. एवढी महाग आहे, म्हणजे चांगलीच असणार!" तिसरी सिस्टिम फुकटची, नाव मोकळं रान. तिचे भक्त उठले खरे, पण मोकळ्या रानाचा कोणता प्रकार घ्यावा यावरून त्यांचीच आपापसात जुंपली. शेवटी शिपायांनी त्यांना दंडाला धरून बाहेर नेलं.

महाराजांची नजर मार्तंडवर गेली. राजवाड्यातल्या कॉम्प्युटरची देखभाल हा त्याचा पिढीजात नसला तरी पोटापाण्याचा धंदा.

"मार्तंडा, खंडेनवमीला शस्त्रांबरोबर कॉम्प्युटरची पूजा होईल. पूजा झाली की मी बसणार. सिस्टिम नवी असली पाहिजे. आणि मला बदल जाणवला, तर बायकापोरांसकट राज्याबाहेर!"

मार्तंड घरी आला तो डोक्याला हात लावूनच. त्याची मुलगी सगुणा तांदूळ निवडत बसली होती. तिने सगळं ऐकून घेतलं. बापाचा उतरलेला चेहरा बघून तिने सूप बाजूला ठेवलं.

"बाबा, महाराज दिवसभर त्या कॉम्प्युटरवर करतात तरी काय?"

"काय करणार! फर्मानं लिहितात, पत्त्यांचा डाव मांडतात, गजराजाचे फोटो बघतात. उरलेल्या वेळात सेटिंग बदलतात."

"आणि ही आपलीच सिस्टिम, हे ओळखतात कशावरून?"

"कशावरून म्हणजे? पडद्यावर गजराज दिसला की झालं!" मार्तंड म्हणाला. सगुणा खुदकन हसली.

"बाबा, महाराजांच्या कॉम्प्युटरसारखाच आणखी एक मिळवा. पुढचं माझ्यावर सोडा!"

खंडेनवमीला तलवारी, भाले आणि ढालींच्या शेजारी दोन कॉम्प्युटर मांडले होते. दोघांनाही झेंडूच्या माळा, दोघांनाही हळदकुंकू. एकाच्या पडद्यावर निळा डोंगर, दुसऱ्याच्या पडद्यावर महाराजांचा लाडका गजराज, अंबारीसकट.

"महाराज," सगुणाने हात जोडले, "यातली एक आपली जुनी सिस्टिम आहे आणि एक नवी. आपण जाणकार! वापरून बघा आणि नवी कोणती ते सांगा."

महाराज खूश झाले. बाह्या सरसावून निळ्या डोंगरापुढे बसले आणि बसल्या बसल्या ओरडले, "छे, छे! अक्षरं केवढी बारीक! माउस अडखळतोय! पत्ते पिसायला किती वेळ! आणि हा पंखा ऐका, रडतोय नुसता!"

"रडतोय महाराज, रडतोय!" दरबारी म्हणाले. प्रधानजींनी तर कानांवर हात ठेवले.

मग महाराज गजराजापुढे बसले. दोन पत्ते हलवले, एक ओळ लिहिली आणि त्यांचा चेहरा खुलला.

"हां! याला म्हणतात सिस्टिम! हात कसा आपोआप चालतो! माझी जुनी ती जुनीच! मार्तंडा, हरलास. डोंगरवाली नवी, हे मी बसताक्षणी ओळखलं. गाठोडं बांध!"

"थांबा महाराज!" सगुणा पुढे आली. "डोंगरवाली आपली जुनी सिस्टिम. मी फक्त चित्र बदललं आणि चिन्हं डावीकडची उजवीकडे नेली. गजराज आहे ती नवी, फक्त जुनीसारखी सजवलेली. मोकळं रान!"

"खोटं!"

मार्तंडने दोन्ही कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केले. सुरू होताना पडद्यांवर नावं झळकली. डोंगरवाल्यावर जुन्या सिस्टिमचं, गजराजवाल्यावर मोकळ्या रानाचं! प्रधानजींनी कानांवरचे हात काढून तोंडावर ठेवले.

महाराज लालबुंद झाले. "म्हणजे मला काही कळत नाही, असं म्हणायचंय तुला?"

सगुणाने पुन्हा हात जोडले.

"असं कोण म्हणेल महाराज! आपल्याला कळत नसेल, तर आपला निकाल धरायचा कसा आणि बाबांना शिक्षा द्यायची कशी? आणि कळत असेल, तर एवढ्या जाणकार नजरेलाही नवी सिस्टिम नवी वाटली नाही. म्हणजे अट पुरी झाली! आता आपणच सांगा, आपण जाणकार की नाही?"

महाराजांनी गजराजाकडे पाहिलं, प्रधानजींकडे पाहिलं आणि एकदम असे खदाखदा हसले की मुकुट घसरून नाकावर आला.

"जाणकार! बाई गं, जाणकारच! माग, काय हवं ते माग! जमीन? मोत्यांचा हार?"

"हार द्या की महाराज, नाही कशाला म्हणू! पण त्याआधी एक मागते. सेटिंग बदलायचा पासवर्ड बाबांकडे राहू द्या. आपल्याला तो कळायलाच नको!"

महाराजांना हसू आवरेना. त्यांनी डोळे पुसत गळ्यातला हार काढून सगुणाच्या गळ्यात घातला आणि मार्तंड नवा पासवर्ड टाकू लागला, तेव्हा ते आपणहून पाठ फिरवून उभे राहिले.